उभ्या झाडाची सेवा



वारकरी बंधुभगिनींनो, आषाढीच्या वाटेवर ज्याने एकदा तरी पाऊल टाकले आहे त्याला हे दृश्य नवे नाही. दिंडीत पताका आहेत, विणेकरी आहे, टाळकरी आहेत, आणि एका माउलीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आहे. ऊन असो, पाऊस असो, घाटाची चढण असो, त्या तुळशीला धक्का लागू नये म्हणून ती माउली मान सांभाळून चालते. मुक्काम आला की आधी तुळशीला पाणी, मग आपल्या तोंडात घोट. पंधरा-वीस दिवस हा नेम चालतो. तिला कोणी विचारले, “बाई, हे ओझे कशाला?” तर ती हसते. तिला ते ओझे वाटतच नाही.

आता पाहा, ती तुळस लावावयास किती वेळ लागला असेल? घटकाभर. पण ती जगवावयास रोज पाणी घालावे लागते. लावणे हा समारंभ आहे. राखणे हा नेम आहे. आणि आपला संप्रदाय समारंभाचा नाही, नेमाचा आहे. जो एकदाच पंढरीस जाऊन आला त्याला आपण यात्रेकरू म्हणतो. जो वारी चुकवीत नाही तो वारकरी.

आज आम्हांस मायबाप वाचकांपुढे राखणीविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. झाडे लावण्याविषयी आता पुष्कळ बोलले जाते, आणि ते चांगलेच आहे. पाहुणे येतात, खड्डा आधीच खणलेला असतो, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. पुष्कळ ठिकाणी पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावावे लागते, तो भाग निराळा. परंतु जे रान आधीच उभे आहे, ज्याला आपल्या आज्याच्या आज्यानेही उभेच पाहिले, त्याची काळजी कोण घेतो? त्याच्यासाठी नारळ फुटत नाही. अशा रानासाठी काही माणसे आणि काही संस्था नफ्याचा विचार न ठेवता, पदरचा वेळ घालून झटत आहेत. त्यांचे काम काय, आणि त्याचा आपल्या माळेशी संबंध काय, एवढाच आजचा विषय.

प्रथम संबंध सांगतो. आपण चंद्रभागेत स्नान करतो. ते पाणी आले कोठून, असे कधी विचारले आहे काय? भीमा उगम पावते ती भीमाशंकराच्या रानात. इंद्रायणी निघते लोणावळ्याजवळच्या डोंगरातून. देहूला तुकोबांचे आणि आळंदीला माउलींचे पाय धुऊन ती तुळापुरास भीमेला मिळते. नीरा, जिच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घडते, तीही सह्याद्रीतूनच येते आणि नरसिंहपूरला भीमेच्या ओटीत पडते. म्हणजे पालखी निघण्याच्या कितीतरी आधी पाण्याची वारी निघालेली असते, आणि तिचे प्रस्थान रानातून होते. मध्ये उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले; तेव्हापासून पाणी सोडण्याची वेळ माणसाच्या हाती आली. परंतु धरण पाणी अडविते, पाणी निर्माण करीत नाही.

रान काय करते? उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस माती बरोबर घेऊन धावत सुटतो. दोन दिवस नदी लाल होऊन वाहते आणि मग ओढ्यात दगडगोटे उरतात. रानात तसे होत नाही. तेथे पाऊस आधी पानावर थबकतो, मग पालापाचोळ्यावर, मग मुळांनी सैल केलेल्या मातीतून हळूहळू आत मुरतो. तोच पुढे झऱ्याने बाहेर येतो, कोठे पौषापर्यंत, कोठे चैत्रापर्यंत. कंजूष माणूस धन पुरून ठेवतो ते स्वतःसाठी. रान पाणी पुरून ठेवते ते खालच्या गावांसाठी. आणि माती धरून ठेवणे हे दुसरे काम. ३० जुलै २०१४ रोजी त्याच भीमाशंकराच्या मुलखात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. आषाढी होऊन तीन आठवडे झाले होते. अतिवृष्टी, उभा उतार, उतारावरची मोडतोड, अशी अनेक कारणे तज्ज्ञांनी सांगितली. एकट्या झाडतोडीवर बोट ठेवणे न्यायाचे नाही. तरी डोंगराचे मन किती नाजूक असते, एवढे तर त्या दिवशी सर्वांस कळले.

असो. आता स्वतःचे सांगतो. दुसऱ्याचे दोष कीर्तनात रंगवणे फार सोपे असते; आपला दोष सांगताना जीभ जड होते. आमचे गाव डोंगराच्या कुशीतले. ग्रामदेवतेची राई होती. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा. बुंध्याला दोघांनी मिठी मारावी तर हात पुरत नसत. राईच्या पायथ्याशी जिवंत झरा. राईतली वाळली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा वाडवडिलांचा दंडक. अशा देवराया आपल्या सह्याद्रीत गावोगाव होत्या, डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून जगापुढे मांडला, तेव्हा शहाण्यासुरत्यांना कळले की अडाणी म्हटलेल्या लोकांनी देवाच्या नावाने केवढे धन जपले आहे.

आमच्या गावात सप्ताहाला जागा पुरेना, म्हणून सिमेंटचा सभामंडप बांधावयाचे ठरले. पैसा नव्हता. लाकडाचा ठेकेदार राई उक्ती घ्यावयास तयार होता. बैठक भरली. एक म्हातारा तेवढा “नको” म्हणाला. त्यावर “देवाचीच झाडे, ती देवाच्याच कामी येत आहेत, यात पाप कसले?” हे वाक्य बोलून बैठक जिंकणारे आम्हीच. टाळी पडली. राई पडली. सभामंडप उभा राहिला. फरशी गुळगुळीत, खांब रंगवलेले. चार-पाच वर्षांत झरा फाल्गुनातच आटू लागला. आता चैत्रातल्या सप्ताहाला पंगतीचे पाणी टँकरने येते. त्या टँकरजवळ उभे राहून आम्ही एकदा मनाशी म्हणालो, देवाचे घर बांधावयास आपण देवाचेच घर मोडले की हो!

पश्चात्ताप झाला, आणि पश्चात्तापाचा जोर मोठा असतो. राईच्या शेजारी गावातल्या एका माळकरी शेतकऱ्याचे स्वतःच्या मालकीचे तीन एकर रान होते. तेही तो ठेकेदाराला देणार, असे कानावर आले. आम्ही तडक त्याच्या ओटीवर गेलो. तुकोबांनी झाडावेलींशी नाते सांगितले तो अभंग आपणां सर्वांस पाठ आहे. तो म्हटला, त्यावर अर्धा तास निरूपण केले. त्याने सगळे शांतपणे ऐकले, पाणी दिले, आणि म्हणाला,

“महाराज, तुमचं समदं खरं. पर पोरीचं लगीन वैशाखात हाय. ठेकेदार रोख मोजतोय. झाडं उभी ऱ्हायली तर गावाला पाणी, पाखरांना घर, आन् मला काय? लग्नाचं तुम्ही बघता का?”

आम्ही काय उत्तर देणार? आमच्या सभामंडपाला दहा एकरांची राई पुरली नव्हती. त्याच्या लेकीच्या लग्नाला तीन एकर रान का नसावे? अभंग म्हणत गेलो होतो, निरुत्तर होऊन परत आलो. वैशाखात लग्न झाले. आम्ही अक्षता टाकल्या. रान गेले होते.

त्या रात्री तुकोबांचे एक चरित्र आठवले, आणि ते प्रथमच नीट कळले. दुष्काळानंतर तुकोबांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा कोणास ठाऊक नाही? पण तिच्यातली एक गोष्ट आपण घाईने ओलांडतो. खते बुडविण्याआधी त्यांनी वाटणी केली. धाकटे भाऊ कान्होबा यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या हाती दिला. बुडविली ती आपल्या हिश्शाची. कान्होबांचीही बुडवून “आम्ही दोघांनी त्याग केला” असे त्यांना म्हणता आले असते. ते म्हणाले नाहीत. कारण त्याग करावयाचा तो आपल्या हक्काचा. दुसऱ्याचा हक्क पाण्यात टाकून जो पुण्य मिरवतो तो दाता नव्हे.

सज्जनहो, आम्ही त्या ओटीवर दुसऱ्याचे खत बुडवावयास गेलो होतो! झाडे त्याची, गरज त्याची, तोटा त्याचा. पुण्य आणि पाणी मात्र आम्हां सर्वांचे. हा कसला धर्म? सोयरा म्हणावयाचे आणि सोयऱ्याच्या घरी कार्य निघाले की हात झटकून उभे राहावयाचे, याला नाते म्हणत नाहीत. रान राखावयाचे असेल तर राखणाऱ्याच्या तोट्यात वाटा उचलला पाहिजे. एवढी एकच गोष्ट आम्हांस आज सांगावयाची आहे; पुढचे सगळे तिचा विस्तार.

ज्या संस्थांचे नाव प्रारंभी काढले त्यांनी हीच गोष्ट ओळखली. पुण्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन नावाची संस्था १९९४ पासून काम करीत आहे. डॉ. अर्चना गोडबोले, श्री. जयंत सरनाईक ही मंडळी तिच्यात अग्रभागी. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर भागात त्यांनी पाहिले की तेथे सरकारी वन अगदी थोडे. डोंगरावरचे बहुतेक रान लोकांच्या सातबाऱ्यावरचे. अडचण आली की मालक ते ठेकेदाराला देतो. तेव्हा संस्थेने मालकांशी, गावांशी लेखी करार करावयास आरंभ केला. मालकाने ठराविक वर्षे कुऱ्हाड लावू नये. त्याबदली त्याला किंवा गावाला मोबदला मिळावा, गावाच्या गरजेचे एखादे काम व्हावे. जमीन मालकाचीच राहते. तो फक्त तोडण्याचा हक्क तेवढा काळ बाजूस ठेवतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर आपले खत तो आपल्या हाताने बाजूला ठेवतो, आणि त्याचे पोट उघडे पडू नये याची चिंता दुसरे वाहतात.

याच मंडळींचे दुसरे काम भीमाशंकराच्या बाजूचे. तेथे १९८५ साली अभयारण्य झाले, सुमारे १३१ चौरस किलोमीटर. शेकरू तेथला मानकरी. पण रान काही सरकारच्या रेषेपाशी थांबत नाही. आसपासच्या गावांत महादेव कोळी बांधवांच्या शेतात, बांधावर, मालकीच्या रानात हिरड्या-बेहड्याची मोठमोठी झाडे आहेत. बाळहिरडा वेचून वाळवून विकणे हा त्यांच्या संसाराचा आधार. पण बेहड्याला कोणी विचारीना. बेहडा म्हणजे बिभीतक. नळराजाच्या कथेत कली नळाच्या देहातून निघाला तो या झाडात शिरला, असे महाभारतात आहे. तेव्हापासून हे झाड बदनाम. फळाला भाव नाही आणि नावाला मान नाही, म्हणून ते सरपणाला जावयाचे.

आता या बदनाम झाडाच्या पोटात काय असते ते ऐका. जुन्या बेहड्याला मोठ्या ढोली पडतात, आणि त्यांत धनेश पक्षी घर करतो. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. तीन-चार महिने ती त्या कोंडवाड्यात राहते. अंडी उबविते, पिले सांभाळते, आणि या काळात तिची पंखांची पिसेही झडतात. नर रानोरान हिंडून फळे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. तो आला नाही तर आतली सगळी उपाशी मरतील. झाड पडले तर झाडाबरोबर तीही पडतील. एका जिवाच्या विश्वासावर दुसऱ्याने दार लावून बसावे, यापरती शरणागती आम्ही ग्रंथात वाचली, रानात ती दर वर्षी घडते. आणि हाच पक्षी फळे खाऊन बिया लांबवर टाकीत जातो. म्हणजे रान त्याला राखते आणि तो रान पेरतो.

संस्थेने त्या बांधवांना फळे जपून वेचण्याची रीत घालून दिली. फांदी मोडावयाची नाही, सगळी फळे ओरबाडावयाची नाहीत, पाखरांचा आणि पुढच्या रोपांचा वाटा झाडावर आणि झाडाखाली ठेवावयाचा. अशा रीतीने वेचलेल्या हिरड्या-बेहड्याला ‘फेअरवाइल्ड’ नावाचे जागतिक प्रमाणपत्र मिळाले आणि परदेशातील वनौषधींच्या कंपनीकडून रास्त भाव मिळू लागला. ज्या झाडाला काल कुऱ्हाडीचीच किंमत होती त्याला आज उभे राहण्याची किंमत आली. कलीचे झाड म्हणून हिणवलेल्या त्या बेहड्यावर ही दया झाली, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. कारण ज्यांना जगाने बाहेर उभे केले त्यांना पोटाशी धरणारा आपला विठोबा आहे.

येथे आळंदीची गोष्ट आठवते. नाथमहाराजांचा घसा दुखू लागला. माउलींनी स्वप्नात सांगितले की अजानवृक्षाची मुळी आमच्या कंठास लागली आहे, ती येऊन काढ. नाथ पैठणाहून आळंदीस आले, समाधीपाशी गेले आणि त्यांनी मुळी बाजूस केली. मुळी काढली हो, झाड तोडले नाही! माउलींच्या कंठाला त्रास देणारे झाड, त्यावरही नाथांनी राग धरला नाही. अजानवृक्ष आजही समाधीपाशी उभा आहे आणि त्याच्या छायेत पारायणे चालतात. गरज असेल तेवढे घ्यावे आणि झाड ठेवावे, हा धडा नाथांनी शब्दावाचून दिला.

कोणी म्हणेल, हे दोन-चार संस्थांचे वेड आहे. तसे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात १८९१ साली चार्ल्स एलियट या गृहस्थाच्या खटपटीने लोकांसाठी जमीन राखणारा विश्वस्त संघ स्थापन झाला. तो आजही आहे. तिकडे पुढे अशीही रीत पडली की मालकाने जमीन आपल्याकडे ठेवावी, पण ती तोडण्याचा-बांधण्याचा हक्क कायमचा संस्थेच्या हवाली करावा. आपल्या शेजारी, कर्नाटकात कोडगूमध्ये, अनिल मल्होत्रा व त्यांच्या पत्नी पामेला यांनी १९९१ साली ५५ एकर जमीन घेतली आणि हळूहळू वाढवीत सुमारे ३०० एकरांचे रान राखले. पीक घ्यावयाचे नाही, लाकूड विकावयाचे नाही. जे उगवेल ते उगवू द्यावयाचे. अनिल मल्होत्रा २०२१ साली गेले. जमीन सगळेच घेतात, वाढवितातही. पण काही न करण्यासाठी जमीन घेणारा विरळा.

आता शंका घेणारांना उत्तर दिले पाहिजे. शंका रास्त आहेत.

पहिली शंका : हे सरकारचे काम, आपण कशाला पडावे? सरकारचे काम आहेच. झाडतोडीवर नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे, खासगी वने संपादण्याचा १९७५ चा कायदा आहे. कायदा तोडणाऱ्याचा हात धरू शकतो. पण न तोडणाऱ्याच्या हातावर तो चार पैसे ठेवीत नाही, आणि त्याच्या लेकीच्या लग्नाला अक्षता टाकावयास येत नाही. ते काम शेजाऱ्याचे, समाजाचे, आपले.

दुसरी शंका : पैसे घेऊन झाड राखणे हा सौदा झाला, ही भक्ती कसली? बरे, पखवाजवाल्याला आपण बिदागी देतो, दिंडीला गावोगाव शिधा मिळतो, तो सौदा आहे काय? सेवा करणाऱ्याचा चरितार्थ चालावा म्हणून समाजाने दिलेला तो वाटा आहे. रान राखणारा शेतकरी हाही एक विणेकरी समजा. वीणा खाली ठेवावयाची नाही हा त्याचा नेम. आणि उभ्या उभ्या त्याच्या मुखात घास घालणे हा आपला.

तिसरी शंका मोठी आहे, आणि ती गरिबाच्या बाजूची आहे. रान राखावयाचे म्हणून कुंपण घातले, तर मोळी आणणाऱ्या बाईने जावयाचे कोठे? ही शंका घेणाऱ्याचे आम्ही पाय धरतो. ज्या राखणीत मोळीवाली उपाशी राहते ती राखण नव्हे, मालकी आहे. फक्त मालक बदलला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाकडे पाहा. त्या गोंड गावाने सभा भरवून, एकमताने ठरवून आपले रान सांभाळले. देवाजी तोफा त्यांचे पुढारी, आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्यांचे सोबती. २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली गावाने स्वतः बांबू विकला. रान राखले ते पोट मारून नव्हे, पोटाला धरून. संस्था तेथे मालक झाली नाही, सोबती राहिली. संस्थेने असेच असावे, दिंडीतल्या चोपदारासारखे : दिंडी त्याची नव्हे, पण शिस्त त्याच्यामुळे.

शेवटची शंका : करार पाच वर्षांचा, दहा वर्षांचा. पुढे काय? पैसा संपला, मालकाची मुले शहरात गेली, ठेकेदार पुन्हा दारात आला, तर? याला आमच्याजवळ एकच उत्तर आहे, आणि ते पंढरपुरात उभे आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारात आला. पुंडलिकाने काय युगानुयुगांचा करार केला होता? त्याने एक वीट मागे सारली आणि म्हटले, जरा थांब. एवढेच. हातातली सेवा होईपर्यंत थांब. देव थांबला, तो अजून थांबला आहे. कुऱ्हाडीला “जरा थांब” म्हणणारा दहा वर्षांचा कागद ही एक वीटच आहे. दहा वर्षांत पोरगी लग्न होऊन नांदू लागते, मुलगा मिळवता होतो, झऱ्याचे पाणी चैत्रापर्यंत पोहोचू लागते, आणि मालकालाच वाटते की आणखी दहा वर्षे थांबावे. थांबवणे आपल्या हाती. किती युगे थांबायचे ते त्याच्या हाती.

तेव्हा मायबापांनो, करावयाचे काय? मोठे काही सांगत नाही. ज्या गावात देवराई उरली असेल त्या गावच्या भजनी मंडळाने ठराव करावा की मंदिराच्या कोणत्याही कामासाठी राईचे झाड जाणार नाही. सभामंडप दोन वर्षे उशिरा झाला तरी चालेल. पत्र्याखाली केलेले भजनही देव ऐकतो. माघ-फाल्गुनात वणवा लागतो. त्याआधी तरुणांनी राईभोवतीचे गवत कापून, पालापाचोळा ओढून जाळरेषा काढावी. एकादशीला उपवास आहेच, त्या दिवशी हात मोकळे असतात! आणि प्रत्येक दिंडीने आपल्या खर्चाबरोबर एक वेगळी पेटी ठेवावी. वाटेवरच्या किंवा आपल्या गावाजवळच्या एखाद्या गरीब मालकाच्या रानाला तो शिधा द्यावा. ज्यांना करारमदाराचे ज्ञान आहे अशा संस्था आहेत, त्यांना विचारावे. आपले आपण अर्धवट लिहून भांडणे लावून घेऊ नयेत.

आमच्या मंडळाने गेल्या कार्तिकीला अशी पेटी ठेवली. फार जमले नाही. गावच्या आटलेल्या झऱ्याच्या वर, दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या बांधावर एक जुना बेहडा आणि त्याभोवती वीस-बावीस झाडे उरली आहेत. त्याच्याशी बोललो. या वेळी अभंग म्हटला नाही. आधी त्याची अडचण विचारली. पाच वर्षांचे ठरले. कागद झाला तेव्हा तो पूर्वीचा माळकरी शेतकरी, ज्याच्या ओटीवरून आम्ही निरुत्तर होऊन परतलो होतो, तोही साक्षीला आला. सही करून म्हणाला, “महाराज, हे तवाच केलं असतं तर!” आम्ही मान खाली घातली. काही गोष्टींचे उत्तर बोलून देता येत नाही.

राई गेली ती आमच्या शब्दाने गेली. ती परत आणणे आमच्या हाती नाही. वीस-बावीस झाडे उरली आहेत, तेवढी उभी ठेवणे हाती आहे. विठोबा उभा आहे, झाड उभे आहे. त्यांच्यापाशी आपणही थोडा वेळ उभे राहावे, इतकेच मागणे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!